बरोबरीत सोडलेला डाव

दादू,

जाग आल्यावर डोकं ठणकलं तर घाबरू नकोस, मीच हाणलंय. बुद्धिबळाच्या ज्या लाकडी पटाने तू पोरीला मारलंस, तोच तुझ्या हातातून हिसकावून घेतला होता. धाकटा म्हणून आजवर तुझी गय केली, यापुढे नाही.

तिच्या भुवईला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. ती आणि तुझी बायको माझ्याबरोबर आहेत, शोधत येऊ नकोस. फ्रिजमध्ये जेवण आहे, बर्फही आहे. तुझ्या फुटलेल्या बाटलीच्या काचा मी झाडल्यात. फरशीवरचं रक्त मुद्दाम तसंच ठेवलंय, ते तू पूस. पट घेऊन जातेय, तिला लागतो.

मारताना तुझा एकच धोशा होता. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीलाच बुद्धिबळ संघटना अधिकृत खेळाडू म्हणून परदेशी पाठवते, तिकीट आणि राहणं-खाणं फुकट. दुसरीला स्वतःच्या खर्चाने जावं लागतं, आणि तो आपल्याला झेपत नाही. हे सगळं ठाऊक असून शेवटच्या फेरीतला जिंकलेला डाव हिने बरोबरीत का सोडला?

 टाके घालताना मीही तिला तेच विचारलं.

म्हणाली, "आत्या, अधिकृत खेळाडूला आणि त्याच्या पालकाला मिळून एकच खोली देतात. बाबाच येणार होते ना बरोबर."

ताई