पाण्याच्या वहीतलं नाव

मुर्री, गोंदिया
ता. ९ ऑगस्ट २०२४

चि. अंजनाबाईस,
भैयालालचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. बेहडाटोल्यात रेंज येते ती तलावाच्या पाळीवर, आणि तिथं एकाचा फोन म्हणजे सगळ्या गावाची आकाशवाणी. मला सांगायचं आहे ते उभ्यानं ऐकण्यासारखं नाही. खाली बस. तांब्या जवळ ठेव.

आधी बरं ते सांगतो. तुझी लेक रश्मी आमच्याकडे ठणठणीत आहे. पोलीस भरतीच्या निवड यादीत तिचं नाव लागल्यापासून तुझी वहिनी मंदा तिला रोज अंडी खाऊ घालते आणि मी शेजाऱ्यांना ती यादी वाचून दाखवतो. दोन्हींचं जरा अतीच चाललंय. आता राहिली फक्त चारित्र्य पडताळणी. तिचा फॉर्म तीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. पेनानं तो तिनंच भरायचा, पण पेन्सिलनं कच्चा मी भरून दिला, अक्षर दाखवायची एवढीच संधी मला उरली आहे. त्यात एक प्रश्न आहे : आपणास कधी अटक झाली आहे काय? मी हसतहसत ‘नाही’ लिहिलं.

तिथंच थांबायचं होतं. पण माझ्या नाकाला दुसऱ्याच्या घरात डोकावायची जुनी खोड. अटक झालेल्यांची यादी हल्ली पोलीसच संकेतस्थळावर टाकतात. म्हटलं, आपल्या बाईच्या गावात कोण दिवे लावतंय बघू. तंटामुक्त गावाची पाटी लावलेलं तुमचं गाव, काय असणार? ठाणं निवडलं, तारखा टाकल्या, आणि बाई, एका वर्षात बारा माणसं! दर महिन्याला एक, पगारासारखं नेमानं. प्रत्येकाजवळ दारूसाठी आंबवलेला मोहफुलाचा सडवा वीस लिटर. एकोणीस नाही, एकवीस नाही. तुमची धुरपताबाई, वय चौऱ्याहत्तर, पोलिसांना पाहून पळाली म्हणे आणि पाठलाग करून तिला पकडली. मी पोट धरून हसलो. मंदाला हाक मारली आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

जून महिन्याच्या ओळीवर वाचन थांबलं. रश्मी शालीकराम मेश्राम, वय बावीस, राहणार बेहडाटोला. तारीख एकवीस जून, सकाळी सात वाजता. हातभट्टीची दारू गाळताना मिळाली, पळून जात असता ताब्यात, सूचनापत्र देऊन सोडली.

तीनदा पान बंद करून उघडलं. नाव हललं नाही. रश्मी आत भाकरी करत होती. तिला अजून सांगितलेलं नाही. हे काय आहे ते मला ताबडतोब कळव. शालीकराम जवाईबुवांना विचार, ते कधी नव्हे ते गप्प आहेत असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस.

लोभ आहेच. या क्षणी त्यात थोडा राग मिसळला आहे, तो कोणावर काढायचा ते तुझ्या उत्तरावर.
तुझा भाऊ,
भैयालाल

बेहडाटोला
ता. १४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप भाऊस,
अंजनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी धानाच्या शेतात, रोवणीच्या बांधीत होती. पोस्टमननं बांधावरच दिलं. तू बसायला सांगितलं होतं, पण चिखलात कुठं बसू? उभ्यानंच वाचलं आणि हातातला रोप्याचा मुठ्ठा पाण्यात पडला. आधी तुलेच शिव्या दिल्या. माह्या पोरीचं नाव असं कसं येईन, भाऊ म्हातारा झाला, त्याले दिसत नाही, असं म्हणून राहिली होती. मग घरी येऊन रश्मीच्या बाबायच्या पुढ्यात पत्र ठेवलं. हे वाचून राहिले आणि यायचं तोंड राखेसारखं झालं.

आता ऐक. ठाण्याच्या जमादाराले दर महिन्याले एक केस दाखवावी लागते. आधी तो वाटेल त्याले धरे. मागच्या वर्षी सुशीलाबाईचा जवाई, लग्नाले आलेला पाहुणा, अंगाले हळद लागली असताना उचलला. मग गावानं सभा घेतली. भांडण करावं, वर अर्ज करावा, हे कोणाले सुचलं नाही. तंटामुक्त ना आपण! असं ठरलं का तलावाचं पाणी जसं घरवार नंबरानं घेतो, तसा याच्याही केसीचा नंबर लावायचा. म्हणजे कोणावर अन्याय नाही. जमादार खुश. तो येते, चिचेखाली बसते, चहा पेते, पाण्याची वही मागते, पुढच्या नंबराचं नाव उतरवून घेते, एक कागद देते, सही घेते, जाते. ठाण्यात कोणाले जावं लागत नाही. लोकायले वाटे, जनगणनेसारखंच काही असन. गावात भट्टीची दोन घरं आहेत, ती साऱ्यायले माहीत आहेत, जमादारालेही. त्यायचा नंबर अजून आला नाही, हे मात्र मले आजच समजलं.

आणि पाण्याची वही कोणाजवळ? यायच्याजवळ. जूनमध्ये आपल्या घराचा नंबर होता. यायले वाटलं का आपलंच नाव लिहिलं जाईन, दुसऱ्यायनं सोसलं ते आपणही सोसावं. वही उघडून देल्ली, ओळीवर बोट ठेवलं. जमादारानं ओळीत होतं ते उतरवलं. कागदावर सही यायनं केली आणि न वाचता बियाण्याच्या डब्यात घडी घालून ठेवला.

भाऊ, त्या ओळीत रश्मीचं नाव कोणी घातलं होतं ते तुले आठवते ना? मी. तीन वर्षं भांडली होती मी सभेत, का बांधी पोरीच्या नावानं केली तर पाण्याचा नंबरही पोरीच्याच नावानं लागला पाहिजे. लागला तेव्हा मी साऱ्या गावाले बुंदी वाटली. त्या वहीत बाईमाणसाचं पहिलं नाव ते. धुरपताबाईनं मग हट्टानं आपलंही लावून घेतलं. तिचं काय झालं ते तू वाचलंच.

मले काही सुचत नाही. हे दोन दिवसांपासून जेवले नाहीत. पोरीले सांगू नको. नाहीतर सांग. मले माहीत नाही.

लोभ ठेव, मागण्यासारखं तोंड आमचं राहिलं नाही तरी.
तुझी बहीण,
अंजना

मुर्री, गोंदिया
ता. १९ ऑगस्ट २०२४

चि. अंजनाबाईस,
भैयालालचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. आयुष्यभर लोकांची टिंगल केली, पण अटकेचं समान वाटप मला सुचलं नसतं. तुमच्या गावाला समतेचा पुरस्कार द्यायला हवा, आणि तो घ्यायला जमादाराला पाठवायला हवं.

रश्मीला सांगितलं. मंदानं पदर डोळ्यांना लावला, मी घसा खाकरून भाषण तयार केलं. पोरगी उठली, फाईल आणली आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. एकवीस जून, सकाळी सहा पन्नास, महिलांची आठशे मीटर धाव, दोन मिनिटं बावन्न सेकंद, खाली साहेबांची सही. म्हणजे बाई, त्या सकाळी ती पळत होती हे खरंच आहे. फक्त तुमच्या जंगलापासून पाऊणशे किलोमीटरवर, शिट्टी वाजवणाऱ्या पोलिसांसमोर, छातीवर नंबर लावून.

मला वाटलं, सुटलो. पण जवाईबुवांनी तेवढ्यात शहाणपणा करून जमादाराला गाठलं, आणि त्याचा निरोप मला कळवला. जमादार म्हणाला म्हणे, पडताळणीचा कागद माझ्याकडेच येणार, मी काही नाही असं लिहून देतो, पोरीलाही फॉर्ममध्ये ‘नाही’च लिहू द्या. खोटं कशाला बोलू? मी रश्मीला म्हटलं, लिहून टाक. भाऊ म्हणून नाही, मामा म्हणून नाही, भेदरलेला माणूस म्हणून म्हटलं.

तिनं खोडरबर घेतला, माझा पेन्सिलीचा ‘नाही’ पुसला आणि पेनानं ‘होय’ लिहिलं. ती शांतपणे म्हणाली, मामा, पहिल्याच कागदावर खोटं लिहिलं तर निवृत्त होईपर्यंत तो जमादार माझा साहेब. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मला मान खाली घालावी लागेल.

आता नुसता ‘होय’ तिला बुडवील. सोबत तो डब्यातला कागद हवा, त्यावर तिच्या नावाखाली बापाची सही आहे. आणि वही हवी. त्यातल्या प्रत्येक नावापुढे जमादारानं खूण केली असेल ना? वही आली की गावानं संगनमतानं खोटे गुन्हे कबूल केले हेही उघडं पडेल, हे मला कळतं. वही गावाची आहे. गावाला विचार. तीस तारखेला अकरा दिवस आहेत.

लोभ आणि घाई दोन्ही असू दे.
भैयालाल

बेहडाटोला
ता. २६ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप भाऊस,
अंजनाचा जयभीम. वि. वि.

काल विहारात सभा झाली.

यायनं उभं राहून सारं सांगितलं आणि वही मागितली. वही यायच्याच कपाटात आहे, तरी मागितली. मग जे उठले! एका पोरीच्या नोकरीसाठी साऱ्या गावाच्या माना देता का, असं म्हणे. पोलिसांशी वैर घेऊन जंगलात कोण राहीन, असं म्हणे. सर्वांत मोठ्यानं ओरडत होती ती भट्टीची दोन घरं. भट्टीशी काही घेणं नसलेल्या दुर्गेशनं तर विचारलं का आमची पोरं काऊन नाही भरतीत गेली, तुमचीच काऊन गेली. मी म्हटलं, तुह्याही पोराचं नाव आहे त्या यादीत, मार्च महिन्यात, तू पाहिलं का? तो हसला. मी यादीचा मोबाईलवर काढून आणलेला फोटो त्याच्या हाती देल्ला. त्याचा टिंकू पुढच्या वर्षी वनरक्षकाचा फॉर्म भरणार आहे, भाऊ. त्यानं तो फोटो दोनदा वाचला आणि खाली बसला तो बसलाच. मग फोटो हातोहात फिरला. कोणालेच माहीत नव्हतं का हे असं साऱ्या जगाले दिसते. त्यायले वाटे, कागद डब्यात म्हणजे गोष्ट डब्यात.

मग धुरपताबाई उठली. उठली म्हणजे दोघायनं उठवली. म्हणाली, मले चप्पल घालाले नातीण लागते आणि हा मुडदा लिहिते का मी पळाली. एकदा तरी मले पळताना पाहिलं असतं तर मीच त्याले बक्षीस देल्लं असतं. वही द्यायच्या कागदावर पहिली सही माही घ्या.

अंगठा होता तिचा. त्याखाली दहा सह्या पडल्या. हे आज पहाटेच्या गाडीनं निघाले आहेत, वही खताच्या प्लॅस्टिक पन्नीत गुंडाळून पोटाशी धरली आहे. तलावाचं गेट उघडाले पाण्याची वही लागते म्हणून मी रातभर बसून तिची नक्कल केली. अक्षर तुह्यासारखं नाही, पण वाचता येते.

लोभ करत राहा, आम्हाले आता त्याची गरज पडन.
अंजना

मुर्री, गोंदिया
ता. १३ सप्टेंबर २०२४

चि. अंजनाबाईस,
भैयालालचे अनेक आशीर्वाद, जयभीम. वि. वि.

झालं. काल रश्मीला चौकशीला बोलावलं होतं. साहेबांनी वही चाळली, बारा खुणा मोजल्या, सूचनापत्रावरची बापाची सही पाहिली. मग धावण्याची चिठ्ठी हातात घेतली आणि तिच्या तळाशी बोट ठेवलं. तिच्यावरची सही त्यांचीच होती. एवढंच विचारलं म्हणे, की इतकी नीट वही कोण ठेवतं. पोरगी म्हणाली, माझे बाबा. आज प्रशिक्षणाचं पत्र आलं. जमादाराची बदली झाली असं ऐकतो, बाराजणांच्या केसीचा फैसला व्हायचा आहे. ते वर्षभर चालेल, तयारीत राहा.

पेढे सोबत पाठवतोय. पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. खोड जात नाही, काल पुन्हा ती यादी उघडली. बेहडाटोल्यासमोर या महिन्यात ‘निरंक’ आहे. तुमच्या तलावाखालच्या टोल्यात, त्या छोट्या वस्तीत, मात्र दोघं. दोघांजवळ वीस-वीस लिटर. हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला.

लोभ वाढता असावा, वीस लिटरवर थांबू नये.
भैयालाल

बेहडाटोला
ता. १८ सप्टेंबर

चि. रश्मीस,
बाबाचा जयभीम व आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, तुझी आई लिहिते. आज ती घरी नाही. मामाचं पत्र वाचलं आणि वहीची नक्कल घेऊन खालच्या टोल्यावर गेली. धुरपताबाई सोबत आहे, बैलगाडीत.

साहेबानं वही अजून परत केली नाही. म्हणून नवीन वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, ही वही फक्त पाण्याची. खाली सारी नावं घातली. आपल्या घरच्या ओळीपाशी हात थांबला बेटा. मग तुझंच नाव लिहिलं. आधी वाचलं, मग सही केली.

तुझा,
बाबा