दुसऱ्या सुनंदाचा बिल्ला

गुरुवार, संध्याकाळ

जव्हारच्या उद्योजक मेळाव्यात दारातच गळ्यात बिल्ला अडकवला. ‘सुनंदा’ दिसलं, म्हणून खालची ओळ वाचलीच नाही. मग जो भेटेल तो मला टोपल्यांचा भाव विचारायला लागला. मी तर नाचणीचे पापड विकते. तेव्हा कुठे बिल्ला नीट वाचला: सुनंदा, बांबूच्या टोपल्या, जामसर.

त्या सुनंदाला शोधत फिरले. सापडली तेव्हा माझा बिल्ला घालून ती ठाण्याच्या एका दुकानदाराला सांगत होती, “तळला का दुप्पट फुलतो.” तो नमुना मागून गेल्यावर मी विचारलं, “माझे पापड खाल्लेस कधी?”

“नाय बाय. पण तो इतक्या आशेनं विचारीत व्हता, नाय कसा सांगू?”

दोघी पोट धरून हसलो.

बाकीच्यांची कार्डं पिशवीत आहेत, चेहरा एकाचाही आठवत नाही.

मोखाड्याला घरी आले तर सासूबाई बिल्ला बघून म्हणाल्या, “टोपल्या कधीपासून विणाया लागलीस?” बिल्ले बदलायचे राहूनच गेले. राहिले, की मीच राहू दिले? आता परत करायला जामसरला जावंच लागेल. पापडही नेते, तिच्यासमोरच तळते. दुप्पट फुलले नाहीत तर दुकानदाराला काय सांगायचं, ते तीच ठरवेल.