दुसऱ्या कडव्यातली तारीख

मांटी, युटा
१४ मार्च १८८१

प्रिय आई,

इकडे सगळे बरे आहोत. माझा खोकला आता फक्त पहाटे येतो. रविवारी कोंबड्यांनी घातलेली अंडी आम्ही बायका आमच्या पंथाच्या मंदिराच्या बांधकामाला देतो. यंदा माझ्या कोंबड्या सगळ्यांच्या पुढे आहेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

गुरुवारी आमच्या बायकांच्या बैठकीत गोधडी शिवताना मी इकडे येताना वाटेत केलेली कविता म्हटली. आमची चिटणीस डॉर्कस अशी प्रत्येक कविता इतिवृत्तात उतरवून घेते. तेवढ्यात ब्रदर एल्कॅना वही घेऊन आले. इथल्या मंडळींचा इतिहास लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

"कविता राहू द्या, बाई," ते म्हणाले, "मला तारखा हव्यात."

डॉर्कसनं मानही वर केली नाही. "दुसऱ्या कडव्यात आहे. बसा आणि लिहून घ्या."

कवितेतल्या त्या दिवसाची आमच्या तांड्याच्या कप्तानाची नोंद त्यांच्याकडे होती: बारा मैल, गवत बरं, एक मूल गेलं. मग ते खरंच बसले. माझ्या कडव्यातून त्यांनी तारीख, ओढा आणि तुझ्या नातीचं, माझ्या टॅबिथाचं नाव उतरवून घेतलं.

आई, तिच्या थडग्यावर नावाची फळी आहे, असं मी तुला कळवलं होतं. फळी नव्हती. लांडग्यांनी उकरू नये म्हणून आम्ही त्या मातीवरून सगळ्या गाड्या नेल्या आणि पुढे निघालो. बाबांना एवढं वाचून दाखवू नकोस.

नाव मात्र आता खरंच लिहिलेलं आहे.

तुझीच,
केझाया