माळ बेंबीपर्यंत आली

बुध., ५ फेब्रु.
सकाळी हे दाढी करत होते. डोळे पिवळे! म्हटलं, "अहो, इकडे बघा." तर म्हणे, "सव्वीस वर्षांनी काय बघणार?" यांना सगळ्याची थट्टा. काल जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत होतं, मी अ‍ॅसिडिटी म्हटलेलं. लघवी कोऱ्या चहासारखी. कावीळच ही.

गुरु., ६
हाफ डे टाकून यांना आंबिवलीपलीकडच्या गावात नेलं. तिथल्या आजी काविळीची माळ घालतात. कसल्याशा झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची इवलीशी, डोक्यावर ठेवायची. रोज वाढते, खाली उतरते, पोटापर्यंत आली की कावीळ गेली. माझ्या बाबांची कावीळ इथेच गेलेली. हळद-तेल बंद.
वाटेत हे म्हणाले, "डॉक्टरला दाखवूया का?"
"काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं." मीच म्हणाले.

रवि., ९
माळ गळ्यात. डोळे तसेच. अंगभर खाज, पाठ ओरबाडून ठेवलीय. दुखणं आता पाठीत जातं. "माळ उतरायच्या आधी मीच जातो बघ." असलं अभद्र बोलतात! मी ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बुध., १२
माळ छातीवर. शौचाला शाडूच्या मातीसारखं पांढरट. समोरच्या नीताताई म्हणाल्या, "अगं, रक्त तरी तपासून घ्या." म्हटलं, पोटापर्यंत येऊ दे. मला रागच आला त्यांचा.

शुक्र., १४
दुपारी हुडहुडी भरली. ताप १०३. माळ बेंबीपर्यंत आली, आणि डोळे आधीपेक्षा पिवळे. डोंबिवलीहून गाडी करून थेट ठाण्याला, नौपाड्यातल्या हॉस्पिटलात. सोनोग्राफी: पित्ताशयात खडे, पित्ताची नळी फुगलेली. अ‍ॅडमिट.
डॉ.नी विचारलं, "कधीपासून?"
तोंडातून निघून गेलं, "चार दिवस."
यांनी माझ्याकडे बघितलं.

शनि., १५
सलाईन, इंजेक्शनं. ताप उतरत नाही. डॉ. म्हणाले, कावीळ आणि पोटदुखी एकत्र असली की नळीत खडा अडकलेला असू शकतो, स्वादुपिंडाला सूज असू शकते, किंवा तिथे गाठ. त्यात थंडीताप म्हणजे नळीत इन्फेक्शन, थांबून चालत नाही.
बाबांचं विचारलं. "पाण्यातून झाली असेल. ती बहुतेकांची आपोआप उतरते."
म्हणजे माळ नुसती मुळ्या सुकून सैल होत होती.
"पण चार दिवसांत डोळे एवढे पिवळे?" ते स्वतःशीच पुटपुटले. तेव्हा तरी मी खरं सांगायचं ना! नाही सांगितलं.

रवि., १६
सकाळी एमआरआय. त्याआधी सिस्टरनी माळ कापून माझ्या हातात दिली. रिपोर्ट अजून नाही. हे ग्लानीत आहेत. मघाशी डोळे उघडून एवढंच म्हणाले, "सांगितलंस का?"
डॉ. अकराला राउंडला येतील. तोंडाने मला जमणार नाही. ५ तारखेचं पान उघडून ही वहीच त्यांच्या हातात देणार.
पावणेअकरा झाले.