दुसरा फटका

बांदा, एस.टी. स्टँड
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय चारुता,

तू बरी असशील. बंगळुरूच्या लॅबमध्ये माझ्या डिशेस तू सांभाळतेयस, त्याबद्दल काय लिहू. मेंदूच्या पेशींचं खाद्य बदलताना ते कडेने हळू सोड, जोराच्या धारेनेही जाळं तुटतं. चिपवरचं आपलं जाळं आत्ता कुठे सिग्नल ओळखायला लागलंय. ते पुढे तूच ने. माझं विमान चुकलं. खरं तर मी चुकवलं. फोनवर तू मध्येच थांबवशील, म्हणून लिहितोय.

विजयदुर्गच्या जेटीवर भांडण झालं, एवढं तुला सांगितलं होतं. दत्तप्रसादच्या ट्रॉलरने माझ्या वडिलांची, भाईंची जाळी फाडली. भाई विचारायला गेले, तर त्याने लोखंडी सळी त्यांच्या तोंडावर घातली. ओठ फाटला, दात तुटले. ते पडल्यावरही तो लाथा मारत होता. मी वल्हं उचललं आणि त्याच्या डोक्यात हाणलं.

पोलीस आले तेव्हा भाई रक्त थुंकत म्हणाले, "मियाच मारलंय." मी बोलायला गेलो, तर आईने माझा दंड आवळला. गाडीत चढताना भाई मला म्हणाले, "माझा आता काय रवला? तू जा. तुझा काम मोठा आसा."

आणि मी गप्प राहिलो.

आज विमानतळाकडे निघालो होतो. वाटेत आईचा फोन आला. "दत्तप्रसाद हॉस्पिटलात गेल्या घटकेक वारलो रे. भाईंर आता खुनाचा कलम लागतला. तू परत येव नको." मी इथेच उतरलो.

चारुता, पहिल्या फटक्यालाच तो कोसळला होता. सळी हातातून सुटली होती. त्याने हात वर केला, म्हणाला, "निहार, नको रे." लहानपणी आम्ही एकाच होडीवरून उड्या टाकत पोहायला शिकलो. मी दुसरा फटका मारला, कानामागे. तिथे आत काय असतं, ते जेटीवर फक्त मलाच नीट माहीत होतं. त्या क्षणी मला बरं वाटलं.

कणकवलीची गाडी लागलीय. तिथून देवगड, भाईंना ठेवलंय ते पोलीस ठाणं. भाई मला खोटं पाडायला बघतील. तरी दोन्ही फटके सांगणार आहे.

लॅबच्या सरांना तूच सांग. "तुझा" लिहायला हात धजत नाही.

निहार