कार्डासाठी दिलेला पत्ता

१० मार्च, शनिवार

संघमित्रा येऊन गेली. सकाळच्या गाडीनं नांदेडहून आली, दुपारच्या गाडीनं परत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण मला ती अजून बारावीच्या बॅचमधलीच दिसते. शंका विचारायला उठून उभी राहणारी. बाकीचे बसून विचारायचे.

बाहेरच्या देशात शिकायला जायची परीक्षा द्यायची म्हणते. फी नेटवरून, क्रेडिट कार्डानंच भरावी लागते. हॉस्टेलात कुणाकडं कार्ड नाही. घरी वडील शाळेत शिपाई, तिथं कार्ड कुठून येणार.

"मॅडम, तुमच्या कार्डावरून भरता येईल का? पैसे सोबत आणलेत." पाकीट टेबलावर ठेवलं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पेपर वाचून राहिले होते. वर बघितलं नाही, पानही उलटलं नाही.

मी सांगितलं, आमच्या कार्डाची लिमिट संपली गं.

खोटं. किती पटकन आलं तोंडात. वर शहाणपण शिकवलं, दुसऱ्याच्या कार्डावर किती दिवस काढणार, तुझं स्वतःचं काढू, मी येते बँकेत. केवढी खूश झाली. "मॅडम, तुम्ही स्वतः येणार?" दोनदा विचारलं.

ती गेल्यावर हे म्हणाले, बरं केलंस.

१२ मार्च, सोमवार

कॉलेजला अर्धी रजा. संघमित्रा स्टँडवरून थेट बँकेत आली. नोकरी नसली तरी नावावर ठेव असली की तिच्यावर कार्ड मिळतं, हे मला आज कळलं. स्कॉलरशिपमधून मागं टाकलेली छोटी ठेव आहे तिची.

घोडं अडलं पत्त्यावर. हॉस्टेलचा चालत नाही. गावचा द्यावा तर रेशनकार्डावर जुनं गाव आणि वडिलांच्या ओळखपत्रावर पुनर्वसनातलं नवं. कार्डाचं बघणारा साहेब अगदी तरुण, आपल्याकडचा नसावा. त्यानं विचारलं, मग जुनं गाव गेलं कुठं?

"आहे तिथंच आहे सर. आत माणसं नाहीत."

साहेबानं पेन खाली ठेवलं. भूकंपात सहा वर्षांची होती ती. दोन वर्षं शिकवलं तिला, मला माहीत नव्हतं. त्या पट्ट्यातली किती पोरं बॅचला आली. मी त्यांना समीकरणं विचारली, दुसरं काही नाही.

साहेब म्हणाला, लातुरातला राहता पत्ता असेल तर बघा, आमचा माणूस जाऊन खात्री करून येतो. मी म्हणाले, आमचा लिहा, आमच्याकडंच असते ती.

संघमित्रा हळूच म्हणाली, "नको मॅडम. आधी घरी विचारा."

घर माझंही आहे, असं मी साहेबासमोर ऐटीत सांगितलं. तिनं मान खाली घालून पत्ता लिहिला. मला वाटलं, भिडस्त आहे पोरगी. येताना रिक्षात मी स्वतःवर बेहद्द खूश.

१४ मार्च

ह्यांना सांगितलं. ओरडले नाहीत. राहत नाही तिला राहते म्हणून लिहून दिलंस, उद्या काही झालं तर? एवढंच. ते बरोबरच आहे. पण बोलण्यात आणखी काहीतरी होतं. मी विचारलं नाही. मी विचारत नाही म्हणूनच तर आमचं

जाऊ दे.

वरच्या मजल्यावर सीईटीची घोकंपट्टी चालू. दोन खोल्या, चार पोरी. आमच्या कॉलनीत क्लासच्या पोरांसाठी मजला चढवला नाही असं घर आता उरलं नाही.

२४ मार्च, शनिवार

बँकेचा माणूस आज आला. फोन नाही, निरोप नाही. फाटकाशी मोटरसायकल लावली.

इथं राहतात का? हो. तुमच्या कोण? विद्यार्थिनी. खोली? मी वर बोट केलं. त्याला बघायची होती. तो जिना चढला, मी मागून. त्यानं पोरींना तिचं नाव सांगितलं. चौघी माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं मलाच विचारलं, कोण मॅडम? त्यांना काही सांगून ठेवावं, हेही मला सुचलं नव्हतं.

मग तो समोरच्या वहिनींकडं गेला. शेजारी एकदा विचारावंच लागतं म्हणे. वहिनी अंगणात गहू वाळत घालून राहिल्या होत्या. त्यानं नाव सांगितलं, आडनावासकट. वहिनी हसल्या. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. नवख्या माणसाला रस्ता सांगावा तसं सांगितलं, मला इकडं स्वच्छ ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"ती कशी राहील इथं? ह्यांच्यात त्या लोकांला खोली देत न्हाईत. आडनाव विचारूनच देतेत."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्याकडं बघितलं नाही. किक मारली, गेला.

मी फाटकाशीच उभी. वहिनी खोटं बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

खोल्या हे दाखवतात. मी आत चहा टाकते. बाहेर आडनाव विचारलेलं ऐकू येतं. मग कधी 'या, बसा', कधी 'जागा भरली'. 'जागा भरली' ऐकलं की मी गॅस बंद करते. दर जूनला. खोल्यांचं हे बघतात, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. स्वतःलाही.

२६ मार्च

संघमित्राचा फोन. नाकारलं.

"पत्ता जुळला नाही म्हणे, मॅडम."

आता सांगावं असं आलं मनात. आणि म्हणाले काय, तर बँकांचं असंच असतं गं, मनावर घेऊ नको.

"हाव मॅडम." मग म्हणाली, "तुम्हाला उगाच तरास झाला."

शेवटची तारीख जवळ आली, हे मीच विचारून घेतलं. ती आपण होऊन बोलली नाही. पुन्हा आमचं कार्ड मागितलंही नाही.

दिवसभर शिकवताना लक्ष नाही. फळ्यावर समीकरण चुकलं, पोरांनी दाखवून दिलं.

३१ मार्च, शनिवार

ह्यांना कार्ड मागितलं. कशाला? तर सांगितलं, तिची फी भरायला नांदेडला चालले. आणि वहिनी काय बोलल्या तेही सांगितलं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"मी एकट्यानं करतो का हे? गल्लीची रीत आहे. मिश्र ठेवलं तर बाकीच्या पोरींचे आईबाप पोरी काढून नेतील, मग तू काय बोलशील?"

काय बोलले असते, मला खरंच माहीत नाही. त्यांनी उठून कपाट उघडलं, कार्ड टेबलावर ठेवलं. एवढंसं काम. त्या शनिवारी मी नुसतं मागितलं असतं तर...

१ एप्रिल, रविवार

नांदेडला जाऊन आले. गाडी लोह्याला बिघडली, उन्हात उभे. पर्स सारखी चाचपत होते. कार्ड तिच्यापुढं ठेवायचं, म्हणायचं चल नेट कॅफेत. वाक्यंसुद्धा ठरवली होती.

हॉस्टेलच्या दारात ती धावत आली. फी भरून झालीय, गुरुवारीच. तिच्या खोलीतली मैत्रीण सबा, तिच्या मामूंचं उदगीरला आडतीचं दुकान आहे, त्यांच्याकडं कार्ड. सबानं फोन लावला, मामूंनी फोनवरच नंबर सांगून टाकला. पैसे सावकाश पाठव म्हणाले.

"मला बघितलेलं पण नाही त्यांनी, मॅडम."

मी पर्समधला हात तसाच बाहेर काढला. सहज आले होते म्हणून सांगितलं. नांदेडला, सहज, एप्रिलच्या उन्हात.

कँटीनला चहा घेतला. मग मी बोलले. लिमिट संपली नव्हती. वहिनी काय म्हणाल्या. सगळं. ती कपाची कड बोटानं पुसत ऐकून राहिली होती.

"मला अंदाज होता. अकरावीला आई नि मी खोली बघायला आलतो तुमच्याकडं. तुमच्या साहेबांनी आडनाव विचारलं. तुम्ही आत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. म्हणून पत्ता नको म्हणत होते."

मला अशी मायलेक आठवत नाही. किती आल्या, किती गेल्या.

मी विचारलं, मग तरी माझ्याच बॅचला का आलीस?

"तुम्ही शिकवता चांगलं."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. गाडीत बसवून द्यायला आली. काचेबाहेरून हात केला तिनं, मी केला की नाही आठवत नाही.

१७ जून, रविवार

वरच्या पोरींपैकी दोघी परीक्षा देऊन गेल्या. एक खोली रिकामी. या वर्षी खोली मी दाखवणार, असं ह्यांना मागंच सांगितलं होतं. "दाखव. गल्लीला तोंड तू द्यायचं," म्हणाले.

आज इस्लापूरकडचे बापलेक आले. पोरगी दहावीला चांगली आली आहे. मी फाटक उघडलं तरी बाप आत येईना. बाहेर उभं राहूनच त्यानं आधी आडनाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"आदीच सांगतो बाई, मागून वाद नको. चालतंय का?"

मी म्हणाले, चालतंय.

म्हटलं आणि कसंतरीच झालं. चालतंय म्हणणारी मी कोण?

वर नेलं. बापानं नळ सोडून बघितला, खिडकीची कडी बघितली. पोरगी खोली बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघून राहिली होती. खाली उतरलो तर हे ओट्यावर, समोर वहिनी त्यांच्या अंगणात. बापानं दोघांनाही नमस्कार केला. आणखी दोन जागा बघायच्या आहेत, उद्या सांगतो म्हणाला.

दुपारी वरच्या एका पोरीच्या आईचा जळकोटहून फोन. शेजारच्या खोलीत कोण येणार आहे म्हणून विचारत होत्या. बातमी एवढ्या लांब पोचली. ठरलं की कळवते, एवढंच माझ्या तोंडून निघालं. नाव सांगितलं नाही.

जेवताना हे म्हणाले, येणार नाहीत ते, बघ.

ऐकून मला हायसं वाटलं. घासभरच, पण वाटलं. ते इथं लिहून ठेवते.