चंदन-कुंकवाचा हत्ती

७ ऑक्टोबर २००८, सकाळी १०
मुलाने, व्यंकटेशने, सिंगापूरहून प्रोग्राम पाठवला. काळ्या चौकटीचे कार्ड कॅमेऱ्यापुढे धरले की स्क्रीनवर आपल्याच हातात हत्ती उभा! त्याची लेक हरिप्रिया सात वर्षांची. तमिळ आणि इंग्रजीच बोलते, मला आजोबा नाही, ताता म्हणते. संकल्प: पोंगलला येईल तेव्हा मराठीत बोलेल. नाहीतर तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या जपलेली घराची भाषा माझ्यापाशीच संपली. बारा कार्डे स्वतः केली. सगळी चालली. धड्यांची यादी फ्रिजवर लावली. बायको कामाक्षी म्हणाली, पोरीशी नुसते बोला की. हिला टेक्नॉलॉजी काय कळणार!

८ ऑक्टोबर. आयुधपूजा
देवापुढे कॉम्प्युटर, कात्री, कार्डे. प्रत्येक कार्डाच्या चारी कोपऱ्यांना चंदन, वर कुंकू. हात आखडला नाही. उद्या विजयादशमी, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात जाऊन कार्डे सिंगापूरला कुरिअर.

१९ ऑक्टोबर, रविवार
फोनवर पहिला धडा. हत्ती दिसला का, विचारले. मागे सून जयंतीची कुजबुज. मग हरिप्रिया म्हणाली, आमा, म्हणजे हो, दिसला. भांबावली असणार पोर.

२३ नोव्हेंबर
कमाल प्रगती! मी ‘कार्ड उचल’ म्हणायच्या आत ‘घोडा’ म्हणते. सॉफ्टवेअर फास्ट आहे. कामाक्षी मात्र रोज दुपारी तासभर सिंगापूरला गप्पा मारते. बजावले, शिकवायचे काम मशीनला करू दे. हसली.

२८ डिसेंबर
मोराचे कार्ड खणातच सापडले. पाठवलेच नव्हते! पण हरिप्रियाने तर मोराचा तुरासुद्धा सांगितला. कल्पनाशक्ती, दुसरे काय. तांबरमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे गुरुमूर्ती, त्यांना पोंगलला डेमोला बोलावले.

१४ जानेवारी २००९. पोंगल
सिंगापूरची मंडळी आली, कार्डेही परत आणली. एक कॅमेऱ्यापुढे धरले. स्क्रीनवर नुसते कार्ड. दुसरे धरले, तेच. कॅमेरा पुसला. गुरुमूर्ती म्हणाले, काका, कोपरेच कुंकवाने झाकलेत, मशीन ओळखणार कसे?
पोरीने सगळे सांगून टाकले. तिकडे कधीच काही दिसले नव्हते. आजी यादी बघून आधी सांगायची, मग त्याची गोष्ट. आणि म्हणायची, आजोबांचे मन मोडू नको हं.
तीन महिने! बायको, सून, नात. घर फिरले की वासे फिरतात. हे सगळे सांगितले ते मात्र स्वच्छ मराठीत. हेल थेट कामाक्षीचे.

दुपारी ४
अबोला. कॉफी घेतली नाही.

४.१०
घेतली. हत्तीचे कार्ड ओल्या फडक्याने पुसले. उभा राहिला! हरिप्रिया टाळ्या पिटत सुटली. म्हटले, चल, याला करुंबु देऊ.
म्हणाली, आजोबा, ऊस म्हणा.